काच स्वच्छ तर प्रवास सुरक्षित

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माणगावहून पुण्याला परतताना ताम्हिणी घाटातच अंधार पडला. गाडी मी चालवत होते. शेजारी नवरा, मागे सासूबाई आणि लेक. पाऊस भुरभुरच होता, वायपर सुरू होते. एका वळणावर समोरून ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांच्या उजेडात आमची पुढची काच एकदम पांढरीफटक झाली. रस्ता, कठडा, वळण काहीच दिसेना. ब्रेकवर पाय गेला, ट्रक बाजूने निघून गेला आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘अगं, थांब जरा कडेला. तुला दिसतंय का काही?’’

खरं सांगायचं तर मला दिसत नव्हतं.

ताशी ४० किलोमीटर हा काही मोठा वेग नाही. पण त्या वेगातही गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. दोन सेकंद डोळ्यांसमोर पांढरा पडदा आला, तर घाटातल्या रस्त्यावर २२ मीटर अंतर आपण आंधळेपणाने कापलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी गल्लीतल्या गॅरेजमध्ये नेली. दिवे कमजोर झाले असतील असं मला वाटलं होतं. मेकॅनिककाकांनी काचेवर पाणी मारलं, तळहात फिरवला आणि म्हणाले, ‘‘ताई, दिवे ठीक आहेत. काचेवर थर बसलाय. आणि ही रबरं बघा, दगड झालीत. गाडी रोज पुसता ना? कशाने पुसता?’’

गाडी रोज पुसली जात होती, पण कोरड्या फडक्याने. तेच फडकं, तीच बादली, आधी चाकं आणि मग काच. म्हणजे रोजच्या पुसण्यानेच आम्ही काच खराब करत होतो. त्या दिवशी काकांकडून जे शिकले आणि नंतर वर्षभर घरी करून पाहिलं, ते इथे देत आहे. यातलं बहुतेक काम घरच्या घरी, थोडक्या खर्चात होतं.

काच मळते कशी?

बाहेरच्या बाजूने काचेवर धूळ, डिझेलचा काळा धूर, रस्त्यावरचं तेलकट पाणी आणि हायवेवरचे किडे बसतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या काचेवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो, तर जिथे बांधकाम सुरू असतं तिथे सिमेंटची धूळ.

आतल्या बाजूचा थर आपल्या लक्षातच येत नाही. उन्हात गाडी तापली की डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधली रसायनं हळूहळू हवेत मिसळतात आणि काचेवर चिकट, धुरकट पापुद्रा तयार होतो. त्यात आपला श्वास, मुलांचे हात, परफ्यूम आणि अगरबत्तीचा धूर यांची भर पडते.

दिवसा हे सगळं खपून जातं. रात्री समोरच्या गाडीचा उजेड तिरका येतो तेव्हा काचेवरचा प्रत्येक कण तो उजेड चहूकडे फाकवतो आणि काच दुधाळ दिसते. ज्यांना मोतीबिंदूची सुरुवात आहे त्यांना हा त्रास जास्त होतो. तेव्हा बाबा ‘रात्री गाडी चालवताना त्रास होतो’ म्हणाले, तर डोळे तपासून घ्याच, पण त्यांच्या गाडीची काचही बघा.

आधी तीन परीक्षा

पाण्याची परीक्षा : गाडी सावलीत उभी करा आणि काचेवर पाणी मारा. पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर काच स्वच्छ आहे. काही ठिकाणी पसरतंय, काही ठिकाणी तुटक थेंब होताहेत, असं दिसलं तर तेलकट थर आहे. मात्र पाणी ओघळून जावं म्हणून काचेवर मुद्दाम काही लावलं असेल, तर ही परीक्षा लागू होत नाही.

पिशवीची परीक्षा : धुतलेल्या, ओल्या काचेवर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर कण चिकटून बसले आहेत. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून जाणवतं.

टॉर्चची परीक्षा : रात्री आत बसा आणि घरातल्या कोणाला तरी बाहेरून तिरका टॉर्च मारायला सांगा. ओरखडे, डाग आणि आतला पापुद्रा सगळं दिसेल.

बाहेरची काच अशी धुवा

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत : दोन बादल्या, कार शॅम्पू, तीन-चार मायक्रोफायबर कापड, जुना टूथब्रश, पांढरं व्हिनेगर आणि स्प्रेची बाटली.

सर्वांत आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या. ही पायरी कधीही चुकवू नका. कडकपणाच्या मोजपट्टीवर काचेचा कडकपणा साधारण ५.५ आहे, तर धुळीतल्या वाळूच्या कणांचा ७. म्हणजे कोरडं फडकं फिरवलं की वाळू काचेवर अक्षरशः कोरीव काम करते.

मग शॅम्पूच्या पाण्यात कापड बुडवून वरून खाली पुसा. कापड दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्यात पिळा, मगच पुन्हा शॅम्पूत घाला. चाकांचं कापड वेगळं ठेवा. कपड्यांची पावडर वापरू नका, त्याने रंगावरचं वॅक्स निघून जातं आणि रबर कोरडं पडतं.

तेलकट थर उरलाच तर खाण्याच्या सोड्याची पाण्यात पातळ पेस्ट करा, ओल्या काचेवर हलक्या हाताने गोल फिरवा आणि लगेच धुवून टाका. खरखर गेली नसेल तर कार अॅक्सेसरीजच्या दुकानात ‘क्ले बार’ मिळतो. चिकणमातीसारखी ती वडी शॅम्पूचं पाणी मारलेल्या काचेवर हळूच फिरवली की चिकटलेले कण ती ओढून घेते. वडी खाली पडली तर पुन्हा वापरू नका, तिला माती चिकटते.

शेवटी काच उन्हात सुकू देऊ नका. कोरड्या मायक्रोफायबरने लगेच टिपा. पाण्याचे ठिपके न पडण्याचा याहून सोपा उपाय नाही.

इथे एक सवय तपासा. अनेक घरांत आरओ प्युरिफायरमधून बाहेर पडणारं पाणी गाडी धुण्यासाठी साठवतात. पाणी वाचवण्याची भावना चांगलीच आहे, पण त्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते पहिली धूळ घालवायला किंवा चाकांना वापरा. काचेवर शेवटचा हात साध्या, गोड्या पाण्याचाच असू द्या.

पांढरे डाग आणि इतर हट्टी पाहुणे

क्षारांचे डाग घासून जात नाहीत, ते सौम्य आम्लात विरघळतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळा, कापड भिजवून डागांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा, मग पुसून भरपूर पाण्याने धुवा. व्हिनेगर नसेल तर कपभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व चालतं. मिश्रण गाडीच्या रंगावर आणि रबरावर ओघळू देऊ नका. ओघळलंच तर लगेच धुवा. बाथरूमच्या फरशीचं अॅसिड काचेजवळही आणू नका. रंग, रबर आणि धातूच्या पट्ट्या सगळ्यांचीच त्याने वाट लागते. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

डाग महिनोन् महिने तसेच राहिले तर क्षार काचेलाच खातात. मग व्हिनेगरने काम होत नाही, पॉलिशच करावं लागतं.

• पक्ष्यांची विष्ठा : ओलं कापड दहा मिनिटं ठेवून मऊ करा, मग उचला. खरवडू नका.
• झाडाचा चीक : सर्जिकल स्पिरिट कापडावर घेऊन पुसा.
• जुने स्टिकर : हेअर ड्रायरने कोमट करून एका कोपऱ्यातून सोला, गोंद स्पिरिटने काढा.

बाहेरच्या काचेवरचं काही ब्लेडने काढायचंच असेल तर ब्लेड नवं हवं, काच ओली हवी आणि ब्लेड तिरकं धरून एकाच दिशेने सरकवायला हवं. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला मात्र ब्लेड नकोच. तिथल्या बारीक आडव्या रेषा म्हणजे धुकं घालवणाऱ्या तारा. एक तुटली की ती रेष कायमची बंद.

ओरखडे जातात का?

नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने ओरखडा बराच फिका होतो. ही बारीक पावडर पाण्यात कालवून मऊ फेल्ट पॅडने फिरवतात. काच तापू न देता, ओली ठेवून, सगळीकडे सारखा दाब देत हे काम करावं लागतं, म्हणून जाणकाराकडूनच करून घ्या. नख अडकत असेल तर घासत बसू नका. एकाच जागी काच झिजली की तिथून रस्ता वाकडा दिसतो. चालकाच्या नजरेसमोर असं होणं ओरखड्यापेक्षा वाईट.

खडा उडून टिचकी पडली असेल तर तिच्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. छोट्या टिचकीत रेझिन भरता येतं. उशीर केला, तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतलं किंवा एसीचा झोत सोडला की तीच टिचकी लांब तडा होते.

पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर घालून बनवलेली असते, म्हणून फुटली तरी तुकडे त्या थराला चिकटून राहतात. ही कल्पना फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांना १९०३ मध्ये प्रयोगशाळेत हातून पडलेल्या काचेच्या चंबूवरून सुचली. चंबू तडकला, पण आतल्या सेल्युलोज नायट्रेटच्या थरामुळे तुकडे विखुरले नाहीत. दरवाजांच्या काचा बहुधा वेगळ्या, कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की बारीक दाणे होतात, त्यांची टिचकी भरता येत नाही.

आतली काच : उभी आणि आडवी युक्ती

आतल्या काचेला दोन कापडं लागतात. पहिलं किंचित ओलं, पापुद्रा काढायला. दुसरं कोरडं, चकाकी आणायला. चिकटपणा जास्त असेल तर पाण्यात थोडं सर्जिकल स्पिरिट मिसळा. दारं उघडी ठेवा. द्रावण थेट काचेवर न फवारता कापडावर घ्या, म्हणजे डॅशबोर्ड आणि स्पीकरवर उडणार नाही. काचेला फिल्म असेल तर अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका आणि आधी कोपऱ्यात थोडं पुसून बघा.

आता काकांनी शिकवलेली युक्ती. बाहेरची काच आडवी पुसा, आतली उभी. नंतर रेघ दिसली तर ती आडवी आहे की उभी, यावरून कोणत्या बाजूची ते लगेच कळतं. मागच्या काचेच्या आत मात्र तारांच्या दिशेनेच, म्हणजे आडवं पुसा.

नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर असतो. त्यांच्या समोरची बाहेरची काच आवर्जून स्वच्छ ठेवा. लटकन, मोठे स्टिकर, मूर्तींची रांग यांनी समोरची जागा अडवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. फिल्म लावताना हे आकडे आपण विचारतो, पण मळलेली काचही उजेड अडवतेच.

वायपरकडे दुर्लक्ष नको

वायपरच्या रबरी पातीची धार ओल्या कापडाने पुसा. कापड काळं होणं थांबेपर्यंत पुसत राहा. पाती कडक झाली असेल, चिरली असेल किंवा काचेवर कटकट करत उड्या मारत असेल तर पावसाळ्याआधी बदला. कोरड्या, धुळकट काचेवर वायपर चालवू नका, आधी पाणी मारा. वायपरच्या टाकीत नळाचं जड पाणी भरल्याने बारीक छिद्रं बुजतात. तिथे आरओचं शुद्ध पाणी आणि वॉशर लिक्विड घाला.

पूर्वी वायपर बिघडला की ड्रायव्हर पावसात काचेवर तंबाखू चोळत. तेव्हा तो नाइलाज होता, आज त्याची गरज नाही.

रबर : न दिसणारा राखणदार

काचेची निगा राखताना आपण रबराला विसरतो. दाराभोवतीची जाड पट्टी, जिला गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात, काच ज्यात वरखाली होते ती खाच आणि काचेच्या तळाशी बाहेरून दिसणारी लांब पट्टी, ही तिन्ही पाणी, धूळ आणि आवाज बाहेर ठेवतात. खाचेत आतून मखमलीसारखं अस्तर असतं. त्यात वाळू साचली की काच वरखाली होताना उभे ओरखडे पडतात. रबर कोरडं झालं की काच अडत चालते, पॉवर विंडोच्या मोटरवर ताण येतो आणि एक दिवस भर पावसात काच अर्ध्यावर अडकते.

दाराची रबरं सहसा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. हे रबर ऊन-पाऊस चांगलं सोसतं, पण पेट्रोल, रॉकेल, डिझेल, ग्रीस आणि खनिज तेलाने फुगतं आणि सैल पडतं. म्हणून ‘थोडं तेल लावलं की मऊ होईल’ हा सल्ला ऐकू नका. खोबरेल तेलही नको, त्यावर धूळ चिकटते.

रबर असं ताजं करा

१. किल्ली काढून ठेवा. मुलं मदतीला असतील तर हे पहिलं काम. पॉवर विंडोत बोटं अडकण्याचा धोका असतो.

२. शॅम्पूच्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून बीडिंगच्या घड्या घासा. ओल्या कापडाने पुसा. कापडावर काळं येणं कमी झालं की थांबा.

३. काच अर्धी खाली घ्या आणि पुन्हा किल्ली काढा. आइस्क्रीमच्या चपट्या काडीला पातळ ओलं कापड गुंडाळून खाचेतून फिरवा. पहिल्या खेपेला निघालेली माती पाहून आश्चर्य वाटेल.

४. पूर्ण सुकू द्या. ओल्या रबरावर काही लावू नका.

५. बीडिंगला सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन पातळ हात द्या. खाचेत नळीने अगदी थोडा मारा, काच चार-पाचदा वरखाली करा आणि काचेवर लागलेला स्प्रे पुसून घ्या. पुढच्या काचेवर आणि वायपरवर सिलिकॉन उडू देऊ नका, पावसात काच धूसर दिसते.

६. सिलिकॉन नसेल तर औषधांच्या दुकानातलं ग्लिसरीन बीडिंगला चालतं. ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून पुन्हा लावावं लागतं. जादा लागलेलं पुसलं नाही तर धूळ चिकटते.

फिकं पडलेलं रबर यानंतर काळंभोर दिसतं. बीडिंग एखाद्या ठिकाणी निघाली असेल तर मुठीने हळूहळू दाबून पुन्हा कडेवर बसवा. दबून चपटं झालेलं रबर हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेने थोडं उमलतं. पण चिरलेलं, तुकडे पडणारं किंवा दाबल्यावर परत न येणारं रबर कोणत्याही औषधाने जिवंत होत नाही. ते बदलाच. गाडी बदलण्यापुढे बीडिंग बदलणं काहीच नाही.

पाणी कुठून येतं ते शोधा

दाराच्या फटीत कागदाची पट्टी ठेवा, दार लावा आणि पट्टी ओढा. अडकत अडकत निघाली तर रबर ठीक. अलगद सुटली तर तिथली पकड गेली. असं दाराभोवती आठ-दहा ठिकाणी करून बघा. मुलांना हे काम फार आवडतं.

काही वेळा दोष रबराचा नसतोच. दाराच्या आत थोडं पाणी जाणं अपेक्षित असतं. ते दाराच्या तळाच्या छोट्या छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं मातीने बुजली की दारात पाणी डुचमळतं आणि पत्रा गंजतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत पिंपळाची पानं, गुलमोहराच्या पाकळ्या साचल्या तरी पाणी आत येऊ शकतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या वाटा बघा. मॅट ओले, कुबट वास, सकाळी आतून धुकट काच ही सगळी पाणी आत येत असल्याची लक्षणं आहेत. साचलेल्या पाण्याने वायरिंग बिघडलं तर खर्च मोठा होतो.

पुढच्या काचेच्या कडेने पाणी येत असेल तर मात्र घरी सीलंट लावू नका. ती काच खास चिकटद्रव्याने बसवलेली असते. अपघातात छताला आधार देणं आणि शेजारच्या सीटच्या एअरबॅगला टेकू देणं ही कामंही ती करते. ती जाणकाराकडूनच बसवून घ्या, चिकटद्रव्य वाळायला सांगितलेला वेळ द्या आणि कॅमेरा असेल तर तो पुन्हा जुळवून घ्या.

आणि काच धुकटली तर?

पावसात आतून धुकं धरलं तर एसी सुरू करून झोत पुढच्या काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. दमट शहरात एसीमुळे काच फार गार होते आणि बाहेरून धुकं धरतं. तेव्हा वायपर फिरवा आणि एसीचं तापमान वाढवा. उत्तरेकडच्या हिवाळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी निघण्याआधी दोन मिनिटं काचेसाठी ठेवा. आतला चिकट पापुद्रा काढलेला असेल तर धुकंही कमी धरतं.

वर्षातून चार रविवार

आमच्या घरी आता वेळापत्रक ठरलं आहे. आतली काच दर पंधरा दिवसांनी, रबराची पूर्ण सफाई वर्षातून चारदा, त्यातली एक पावसाळ्याच्या आधी. लेक कागदाची पट्टी ओढते, नवरा खाचा साफ करतो, मी बाहेरची काच बघते. सासूबाई आत बसून बोट दाखवतात, ‘‘इथे आडवी रेघ आहे गं, तुझ्या बाजूची.’’ गाडी धुणाऱ्या मुलालाही आम्ही दोन मायक्रोफायबर आणून दिले आणि ‘आधी पाणी, मग कापड’ एवढंच सांगितलं. तो आता इतरांच्या गाड्याही तशाच पुसतो.

यंदा पुन्हा त्याच घाटातून, तशाच पावसात परतलो. वळणावर समोरून ट्रक आला. डोळ्यांवर उजेड आला, पण कठडा, पांढरी पट्टी आणि पुढचं वळण दिसत राहिलं. मागे वळून पाहिलं तर सासूबाई नातीच्या खांद्यावर मान टाकून झोपल्या होत्या.